नावे अनेक, देव एक : श्री खंडोबाची नावे आणि त्यांतील अर्थ

॥ श्री मल्हारी मार्तंड प्रसन्न ॥



ही स्मरणिका आपल्या हाती पडेल तेव्हा श्रींच्या मंदिरावर नवा कलश चढलेला असेल. सभामंडपाचे किडलेले वासे उतरवून, ओवऱ्या सावरून, गाभाऱ्याच्या मूळ दगडांना धक्का न लावता हे काम तडीस गेले, ही श्रींचीच कृपा होय. कामाचा आणि जमाखर्चाचा तपशील या अंकात अन्यत्र दिलेला आहे. प्रस्तुत लेखकाकडे मात्र समितीने निराळेच काम सोपवले आणि त्याला निमित्त झाला एक लहानसा वाद.

प्रवेशद्वाराच्या कमानीवर देवाचे नाव कोरायचे होते. ते कोणते कोरावे? कुणी म्हणाले, "मार्तंडभैरव लिहा, ते शास्त्रोक्त आहे." म्हातारी माणसे म्हणाली, "आमच्या आज्या-पणज्यांनी खंडोबा म्हटले, तेच राहू द्या." मुंबईकर मंडळींना "जय मल्हार" हवे होते. धनगरवाड्यातील एका वृद्ध गृहस्थाने हात जोडून विचारले, "आणि आमच्या बाणाईचे नाव कुठं येणार?" या शेवटच्या प्रश्नाने बैठक गप्प झाली. कारण बाणाईची ओट्यावरची जुनी शिळा नव्या नकाशात दिसतच नव्हती.

त्या बैठकीत ठरले की, देवाच्या नावांचा अर्थ काय आणि ती कोठून आली, हे कुणीतरी नीट मांडावे. त्यानुसार हा लेख यथामति लिहिला आहे.

खंडोबा आणि खंडेराय

आपल्या तोंडी बसलेले नाव खंडोबा. खांडा म्हणजे रुंद पात्याची सरळ तलवार. तो ज्याच्या हाती आहे तो खंडोबा. शेवटचे "बा" म्हणजे बाप. विठोबा, म्हसोबा, बिरोबा, जोतिबा या सर्व नावांत हा बाप आहेच. स्कंद या देवनामावरून खंड आणि त्यावरून खंडोबा, असेही काही विद्वान मानतात. परंतु गावोगावच्या मूर्तीच्या हाती जो खांडा दिसतो, त्याच्याशी जनमनाने हे नाव जोडलेले आहे, हे निश्चित. जेजुरीस दसऱ्याच्या उत्सवात देवाचा जड खांडा उचलण्याची व तोलून धरण्याची चढाओढ लागते, ती पाहिलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको.

मात्र हा खांडा रक्षणाचा आहे. देवाच्या चार हातांत बहुधा खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र असते. त्रिशूळ-डमरूने तो शंकर आहे हे कळते आणि खड्गाने तो गावाचा राखणदार राजा आहे हे कळते. म्हणूनच त्याला खंडेराय म्हणतात. त्याची पालखी निघते, त्याला घोडा आहे, प्रधान आहे, शिकारही आहे. हा देव गादीवर बसून कारभार पाहतो, अशीच आपल्या लोकांची भावना आहे.

मल्हारी

मल्हारी हे नाव "मल्ल" आणि "अरि" या दोन शब्दांचे. मल्ल नावाच्या दैत्याचा शत्रू तो मल्लारि. मल्लारिमाहात्म्य या संस्कृत ग्रंथात ही कथा सविस्तर आली आहे. सिद्धपाल केसरी याने इ.स. १५८५ मध्ये हे माहात्म्य मराठीत आणले. कथा थोडक्यात अशी :

मणिचूर्ण पर्वतावर ऋषी तप करीत होते. मणि आणि मल्ल या दैत्यबंधूंनी त्यांचे आश्रम उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, अखेर शंकराकडे आले. शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेतले आणि सैन्यासह दैत्यांवर चाल केली. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत आपण जो सहा दिवसांचा उत्सव करतो, तो या युद्धाची आठवण होय. सहावा दिवस चंपाषष्ठीचा, विजयाचा. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा त्या दिवशी पुन्हा ताटात येतात. वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य देवाला दाखवल्यावाचून कित्येक घरी अजून वांगे चिरत नाहीत.

या कथेतील खरी शिकवण दैत्यांच्या अंतकाळात आहे. मरतेवेळी मणीला पश्चात्ताप झाला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला आणि लोकांचे कल्याण मागितले. आपल्याला देवाजवळ जागा असावी, एवढेच स्वतःसाठी मागितले. देवाने ते दिले. म्हणून खंडोबाच्या देवळात मणीलाही स्थान आहे आणि त्यालाही नैवेद्य आहे. मल्लाने मात्र मरतानाही जगाचा नाशच मागितला. देवाने त्याचे शिर उतरवले आणि ते पायरीशी पडले, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली. मल्लाविषयी आणखी एक कथा सांगतात. त्याने मागितले की, देवाच्या नावाआधी माझे नाव यावे. देवाने तेही मान्य केले, म्हणून आपण मल्ल-अरि म्हणतो.

दोन्ही कथा एकत्र वाचल्या म्हणजे मौज वाटते. ज्याने नाव मागितले त्याला नाव मिळाले, परंतु त्याची जागा पायरीशी राहिली. ज्याने दुसऱ्यांचे भले मागितले तो देवाशेजारी उभा राहिला. आपल्या देवळाच्या जुन्या पायरीत मुखवटा कोरलेला जो झिजका दगड होता, तो याच मल्लाचा. गवंड्यांनी तो काढून तेथे गुळगुळीत फरशी बसवण्याचे सुचवले होते. दगडाचा अर्थ समजल्यावर समितीने तो जागचा हलवू दिला नाही.

मार्तंडभैरव

मार्तंड म्हणजे सूर्य. वेदवाङ्मयात अदितीचा आठवा पुत्र म्हणून मार्तंडाचे नाव येते. भैरव हे शंकराचे उग्र रूप. सूर्य आणि शिव यांचा संगम म्हणजे मार्तंडभैरव. म्हणून खंडोबाचा वार रविवार आणि म्हणून त्याचा भंडारा पिवळा.

भंडाऱ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. भंडारा म्हणजे हळदीची पूड. ती सूर्याचा रंग दाखवते, सोन्याचा रंग दाखवते आणि आपल्या घरात ती मंगलाची, लग्नाची, जखमेवर लावण्याची वस्तू आहे. सोमवती अमावस्येस जेजुरीची पालखी कऱ्हा नदीवर स्नानास निघते, तेव्हा सारा गड भंडाऱ्याने पिवळा होतो. "सोन्याची जेजुरी" हे शब्द तेथे उभे राहिल्यावरच कळतात. ज्याच्या घरी गुंजभर सोने नाही, तोही मूठभर भंडारा उधळून राजाला सोने वाहिल्याचे समाधान मिळवतो. श्रीमंताची मूठ आणि गरिबाची मूठ हवेत उधळल्यावर वेगळी ओळखता येत नाही. बेल-भंडारा उचलून घेतलेली शपथ आपल्याकडे अखेरची मानतात. दोन भावांचे बांधाचे भांडण कोर्टात न जाता बेल-भंडाऱ्यावर मिटल्याची उदाहरणे जुन्या माणसांना ठाऊक आहेत.

मैलार, मैराळ, मल्लण्णा

पुष्कळांना वाटते की खंडोबा हा केवळ महाराष्ट्राचा देव. वस्तुस्थिती तशी नाही. कर्नाटकात तो मैलार अथवा मैलारलिंग आहे. आंध्र-तेलंगणात तो मल्लण्णा आहे. इ.स. १०६३ आणि इ.स. ११४८ च्या शिलालेखांत मैलार आणि त्याची पत्नी माळव्वा यांचा उल्लेख आढळतो. म्हणजे जवळजवळ एक हजार वर्षे या देवाची पूजा चालू असल्याचा लेखी पुरावा आपल्यापुढे आहे. मराठीतील मैराळ हे नाव मैलाराचेच रूप. मलै म्हणजे डोंगर, त्यावरून डोंगराचा स्वामी तो मल्लय्या, असेही काही अभ्यासक सुचवतात. आणि या देवाची ठाणी डोंगरावर किंवा टेकडीवर पुष्कळ असल्याने ते पटण्याजोगे आहे.

आपण देवाचा जयजयकार करतो, "येळकोट येळकोट जय मल्हार!" यातील येळकोट हा शब्द मराठी नव्हे. कानडीत "एळु" म्हणजे सात आणि "कोटि" म्हणजे कोट. देवाबरोबर सात कोटी सैन्य होते, असा त्याचा अर्थ लावतात. कर्नाटकातील विजयनगर जिल्ह्यातील मैलार येथेही "एळुकोटि" हाच घोष होतो. तेथील यात्रेत गोरवय्या उंच धनुष्यावर चढून वर्षाचे भविष्य एका वाक्यात उच्चारतो आणि हजारो लोक श्वास रोखून ते ऐकतात. देवाच्या प्रधानाचे नाव हेगडी. तेही कानडी "हेग्गडे" या अधिकारवाचक शब्दावरून आले आहे.

सांगण्याचा हेतू असा की, मराठी माणूस तळी उचलून जी आरोळी देतो तिचा पहिला शब्द कानडी आणि दुसरे नाव संस्कृत वळणाचे आहे. सरहद्दीचे वाद माणसांचे आहेत. हा देव दोन्हीकडे नांदतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी आपल्या संशोधनातून हे नाते मराठी वाचकांपुढे आणले. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनीही आयुष्यातील बराच काळ जेजुरीच्या वाऱ्या व धनगरांचे तळ हिंडून या देवाचा अभ्यास केला. परदेशी माणूस आपल्या देवासाठी मेंढरांच्या वाड्यावर मुक्काम करतो आणि आपल्याला आपल्या देवाची नावे धड सांगता येत नाहीत, याची खंत वाटते.

म्हाळसाकांत, आणि बाणाई

म्हाळसाकांत म्हणजे म्हाळसेचा पती. म्हाळसा ही प्रवराकाठच्या नेवाशाची, लिंगायत वाण्याची कन्या. तिला पार्वतीचा अवतार मानतात. सातारा जिल्ह्यातील पाली येथे तारळी नदीच्या काठी पौष महिन्यात देवाचे तिच्याशी लग्न लागते. लाखो लोक त्या लग्नाचे वऱ्हाडी होतात.

बाणाई ही धनगराची लेक. तिला गंगेचा अवतार मानतात. कथा अशी की, सारीपाटाच्या खेळात देव म्हाळसेकडून हरला आणि पणाप्रमाणे त्याला घर सोडावे लागले. तो नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या चंदनपुरीस गेला आणि बाणाईच्या बापाकडे चाकर राहून मेंढरे राखू लागला. सात कोटी सैन्याचा धनी खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांमागे हिंडला! पुढे बाणाईशी त्याचे लग्न झाले आणि तो तिला जेजुरीस घेऊन आला. म्हाळसा आणि बाणाई यांचे भांडण जागरणाच्या गाण्यांत आपण ऐकतो आणि हसतो. त्या भांडणात वाण्याचे घर आणि धनगराचा वाडा, शेती-व्यापार आणि मेंढपाळी यांचा जुना ताण आहे. परंतु दोघींचा नवरा एकच असल्यामुळे हे भांडण घराबाहेर जात नाही. जेजुरीस बाणाईचे स्थान गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. वर जाणाऱ्याला तिच्यावरूनच जावे लागते.

लोककथा येथेच थांबत नाही. शिंप्याच्या घरची रंभाई, माळ्याच्या घरची फुलाई आणि तेल्याच्या घरची चंदाई याही देवाच्या बायका मानल्या आहेत. आणि चंदाईला काही ठिकाणी मुसलमानाच्या घरची म्हणतात. मुसलमान भाविक या देवाला मल्लूखान या नावाने ओळखत आले आहेत. जेजुरीस देवाच्या घोड्याची देखभाल परंपरेने मुसलमानाकडे असल्याचे अभ्यासकांनी नोंदले आहे.

पाच बायकांची कथा ऐकून शहाणी माणसे नाक मुरडतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, आपल्या लोकांनी देवाशी नाते जोडण्यासाठी सर्वांत जवळची वाट निवडली, ती सोयरिकीची. ज्या समाजात रोटी-बेटीव्यवहार जातीबाहेर होत नव्हता, त्या समाजाने देवाची सोयरीक मात्र पाच घरी जुळवली आणि पाचही घरे देवाची सासुरवाडी झाली. म्हाळसाकांत या एका नावात वाण्याच्या घराचा मान आहे. बाणाईच्या नावाशिवाय धनगराचा मान पुरा होत नाही.

खुणा आणि उपचार

नावांप्रमाणेच देवाच्या खुणाही बोलक्या आहेत. पांढरा घोडा मणीच्या पश्चात्तापाचा. कुत्रा युद्धातला सोबती. दैत्याचे रक्त भूमीवर पडू नये म्हणून त्याने ते चाटले, असे सांगतात. गावात राखण करणाऱ्या, मेंढरांमागे धावणाऱ्या या मुक्या प्राण्याला देवाच्या पायाशी जागा मिळाली. दिवटी-बुधली म्हणजे मशाल आणि तेलाचे भांडे, कुळाचाराचा उजेड. देवघरातले टाक म्हणजे लहानशा पत्र्यावर उठवलेले देवाचे रूप. मेंढपाळ असो की सैनिक, मुक्काम हलला की टाक बरोबर घेऊन निघता येते.

तळी भरण्याच्या विधीत तर सारा अर्थ साठवला आहे. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, नाणे, खोबरे आणि भंडारा ठेवून पाच-सात जणांनी मिळून ते तीन वेळा उचलायचे आणि देवाचा घोष करायचा. तळी एकट्याने उचलायची नसते. जीर्णोद्धार म्हणजे वर्षानुवर्षे चाललेली एक मोठी तळीच होय.

वाघ्या-मुरळी : एक कटू सत्य

देवाचे गुणगान करताना एक गोष्ट लपवणे योग्य नव्हे. देवाचे सेवक वाघ्या आणि मुरळी जागरणात देवाची कथा गातात. ही मोठी लोककला आहे आणि देवाची पुष्कळशी कथा त्यांच्या मुखी टिकली आहे. परंतु नवसापोटी लहान मुली देवाला सोडण्याची जी प्रथा होती, तिने कित्येक मुलींच्या जन्माचे मातेरे केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रथेविरुद्ध चळवळ केली. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने आणि पुढे महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने मुलगी देवाला वाहणे हा गुन्हा ठरला. मणीने लोकांचे कल्याण मागितले ते देवाने दिले; त्याच देवाच्या नावाने कुणाच्या लेकीचे अकल्याण व्हावे, हे त्याला कसे रुचेल? जागरण व्हावे, गाणे व्हावे, कलावंताला मान आणि बिदागी मिळावी. लेकरू वाहण्याचा नवस मात्र कुणी बोलू नये.

नाव माणसाला दिले तेव्हा

देवाची नावे आपण मुलांना ठेवतो. मल्हारी, खंडू, मार्तंड, म्हाळसा, बाणाई ही नावे आपल्या शाळेच्या जुन्या हजेरीपटांत सापडतील. असेच एक नाव नीराकाठच्या होळ गावच्या धनगर कुळातील मुलाचे होते. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) यांनी मेंढपाळीपासून माळव्याच्या सुभेदारीपर्यंत मजल मारली आणि मुलाचे नाव खंडेराव ठेवले. इंदूरच्या टांकसाळीला मल्हारनगर हे नाव मिळाले. जेजुरीच्या गडकोटाच्या व तळ्याच्या कामी होळकर घराण्याने द्रव्य वेचले. खंडेरावांची पत्नी पुण्यश्लोक अहिल्याबाई यांनी तर देशभर देवळे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखणाऱ्या देवाचे नाव धारण करणाऱ्या कुळाने देशाच्या देवळांचा जीर्णोद्धार करावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

उपसंहार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कमानीवर कोणते नाव?

वरील सर्व विवेचन समितीपुढे वाचून दाखवल्यावर पुढील निर्णय एकमताने झाले. कमानीवर "श्री खंडोबा" हेच नाव राहील, कारण ते सर्वांच्या तोंडचे आहे. सभामंडपाच्या तुळईवर मल्हारी, मार्तंडभैरव, म्हाळसाकांत, मैलार, मल्लण्णा, खंडेराय ही नावे एका ओळीत, एका मापाच्या अक्षरांत लिहिली जातील. बाणाईची शिळा जुन्याच जागी, नव्या ओट्यावर, तिच्या नावासह राहील आणि चंपाषष्ठीस तिच्या पूजेचा मान पूर्वीप्रमाणे धनगरवाड्याकडे राहील. जेथे नकाशा आडवा आला तेथे नकाशा बदलला आहे.

देणगीदारांच्या नावांचाही प्रश्न होताच. तो मल्लाच्या कथेनेच सोडवला. पायरीवर आणि उंबऱ्यावर कुणाचेही नाव कोरलेले नाही. सर्वांची नावे ओवरीच्या भिंतीवर, रकमेचा आकडा न लिहिता, अकारविल्हे लावली आहेत. ज्या माउलीने दोन पायल्या ज्वारी विकून पैसे आणून दिले तिचे नाव आणि ज्यांनी शिखराचा खर्च उचलला त्यांचे नाव एकाच अक्षरांत आहे. मोठ्या देणगीदारांपैकी एकानेही याला हरकत घेतली नाही, हे येथे कृतज्ञतेने नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

कलशारोहणाच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरी जे नाव चालत आले आहे त्या नावाने देवाला हाक मारावी. कुणी मल्हारी म्हणेल, कुणी म्हाळसाकांत, कुणी बाणाईचा धनी. ओ देणारा एकच आहे.

लेखनात काही न्यून राहिले असल्यास ते लेखकाचे समजून ग्रामस्थांनी उदार मनाने पोटात घालावे, ही नम्र विनंती.

येळकोट येळकोट जय मल्हार!
सदानंदाचा येळकोट!